पान क्रमांक सत्तेचाळीस

पालच्या नाक्यावर रात्रपाळीला
माझ्याकडे एक बॅटरी, एक शिट्टी
आणि वनखात्याचं रजिस्टर असतं.
रकाने ठरलेले:
प्राणी. संख्या. वेळ. काय खात होता.

वानरांचं सोपं असतं.
'वानर, चौदा, सकाळी साडेसहा, मोईचा कोवळा पाला.'
दुपारी तेच चौदा, पुन्हा मोई,
मग खरगोनकडे निघालेल्या ट्रकमधून गळालेली केळी,
मग माझ्या डब्यातली कळण्याची भाकर,
ठेच्यासकट.
ठेचा झोंबल्यावर त्या थोराड नराने
माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच त्याचं काही चोरलं होतं.
शेरा: 'प्रकृती उत्तम.'

भादव्यात एका रात्री
ट्यूबलाइटखालच्या भिंतीवर ती येऊन बसली.
तळहाताएवढी, कोवळ्या केळपानाच्या पाठीसारखी फिकट,
पंखांवर चार डोळे, चारही न मिटणारे,
आणि मागे दोन शेपट्या, पीळ पडलेल्या,
वेणीच्या रिबिनी सुटाव्यात तशा.
मी लिहिलं: 'चांदपतंग, मादी, एक, रात्री पावणेबारा.'
चौथ्या रकान्यावर पेन अडलं.

गुलशेरमामा तडवी नाक्याचा दांडा पाडून आला.
चष्मा नसताना वाकून बघितलं त्याने.
"ह्याले तोंडच नही, व माय.
खाईन कशानं?"

अळी होती तेव्हा जे खाल्लं ते खाल्लं.
आता तेवढ्यावर सात-आठ रात्री काढायच्या,
त्यातच जोडीदार, त्यातच अंडी.
वानराचं पोट म्हणे कप्प्याकप्प्यांचं,
दिवसभर भरतो, फांदीवर बसून आंबवतो,
ढेकर देतो, पुन्हा भरतो.
हिच्याजवळ फक्त शिदोरी,
संपली की संपली.

झाड मात्र दोघांचं एकच.
मोईवर ही वाढली,
आणि हिच्या किती बहिणी पानाबरोबर
वानराच्या घासात गेल्या
ते वानराला कळलंही नसेल.
चव बदलली असेल थोडी.

मागे एकदा मी रकाना मोकळा सोडला,
तर साहेबांची लाल शाई: 'रकाने कोरे ठेवू नयेत.'
म्हणून 'निरंक' लिहायला गेले.
निरंक आम्ही वणव्याच्या अहवालात लिहितो,
अवैध तोडीच्या.
हिच्या पोटापुढे लिहवेना.
लिहिलं: 'लहानपण.'
शाई वाळेस्तोवर मला
अडावदचं चुलीवरचं उपडं खापर दिसत राहिलं,
आणि कोपरापर्यंत मांडा पसरलेले
आईचे हात.
डबा आता मीच भरते.

डुलकी लागली. जाग आली तर भिंत रिकामी.
ती रजिस्टरवर होती, थकलेली,
आणि चौथ्या रकान्यात, माझ्या शब्दावर,
वाटाण्याहून लहान, मोहरीहून मोठी
तपकिरी अंडी.
सव्वीस. मोजायचाच तर पगार मिळतो.

पान फाडलं. नियमात बसत नाही.
बाभळीच्या काट्याने मोईच्या फांदीला टोचून ठेवलं.
उजाडता उजाडता चौदाजण आले.
थोराड नराने शासकीय कागद हुंगला,
कोपरा चावून थुंकला,
आणि शेजारचा पाला ओरबाडून
शांतपणे खात बसला.
मी शिट्टी ओठांत धरून उभी.
वाजवली नाही.

आश्विनात तपासणी झाली.
'पान क्र. ४७ गहाळ. खुलासा सादर करावा.'

खुलासा लिहायचा म्हणून मोईखाली येऊन उभी आहे.
पानं तर बरीच गहाळ आहेत, साहेब.
काही देठासकट ओढलेली,
काही कडेकडेने, नखाएवढी, अर्धगोल.
पहिली कुणाची ते मला माहीत आहे.
दुसऱ्यांची संख्या
पाला हलतो आहे तोवर
सांगता येत नाही.